सोलापुरातला मुका कंप्युटर

कुठल्याही गावात गेलो की मी जुन्या कंप्युटरची दुकानं शोधतो. लोक देवळं बघतात, किल्ले बघतात, खाऊगल्ल्या पालथ्या घालतात. मी भंगारात डोकं घालतो. घरी असे आठ कंप्युटर आहेत. त्यातले पाच चालतात, आणि बायकोच्या मते आठही जागा अडवतात. तिच्या भाचीचा साखरपुडा सोलापुरात ठरला तेव्हा ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अहो, तिथे तरी चार माणसांसारखे वागा." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

खरं सांगायचं तर मला एकच मशीन हवं होतं. मी ज्याच्यावर कंप्युटर शिकलो ते. करड्या रंगाची आडवी पेटी, हिरव्या अक्षरांचा पडदा आणि पुढे फ्लॉपी घालायची लांबट फट. फ्लॉपीसुद्धा ती जुनी, मोठी, हातात धरली की वाकणारी. आमच्या क्लासमध्ये असलं एकच मशीन होतं आणि मला दिवसाला अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी सायकलवरून सहा मैल जायचो. पंधरा वर्षं मी ते शोधतोय. घरातल्या फळीवर त्याची जागा रिकामी ठेवलीय, आणि तिथे पापडाचा डबा ठेवण्यावरून आमच्यात वर्षातून दोनदा तरी वाजतं.

साखरपुडा संध्याकाळी होता. सकाळी बायको चादरी घ्यायला निघाली, मीही शहाण्यासारखा मागे निघालो. रिक्षात बसल्यावर हळूच विचारलं. रिक्षावाला म्हणाला, "पुराना कंप्युटर? मेरेकू मालूम है की!" आणि त्याने आम्हाला शुक्रवार पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानासमोर उतरवलं. दुकानदाराने अभिमानाने एक लॅपटॉप दाखवला. "लई जुना हाय साहेब. पाच वर्सं झाली."

मी हातांनी आकार दाखवत समजावलं. पेटी एवढी, पडदा असा, फट अशी. त्याने मान तिरकी केली. "तसला डबा? तसला तिकडं पूर्व भागात एका नक्षीवाल्याकडं हाय. चादरीवरचं डिझाईन काढतो तो. पर डबा मुका हाय, आन् मालक काय देणार न्हाय."

बायकोने त्यातला चादर हा शब्द तेवढा उचलला आणि म्हणाली, "चला की मग." आयुष्यात इतकं सोपं काही घडलेलं नाही.

ती गल्ली मागांच्या खडखडाटाने भरली होती. बोलायचं तर ओरडूनच. नक्षीवाले सत्तरीचे, लुंगी आणि बनियन, खांद्यावर टॉवेल. आत बायकोशी तेलुगू, बाहेर आमच्याशी मराठी. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातली चादर उचलली. खाली तेच मशीन. त्याच्या कपाळावर कुंकू होतं आणि पडद्याला सुकलेला हार. मी नुसता बघत राहिलो. बायको नंतर म्हणाली, मला बघायला आला होतात तेव्हासुद्धा असं तोंड केलं नव्हतंत.

"चालू हुतंय," ते म्हणाले. "हिरवं दिसतंय. पर फ्लॉपी घातली की नुसतं कण्हतंय. सात वर्सं झाली. दुरुस्तीवाले म्हणतेत, फेकून द्या. कसं फेकू? आत माजं वडील हायेत."

वडील चादरीची नक्षी ग्राफच्या कागदावर काढायचे. लाल पेन्सिलीने एकेक चौकोन भरत. पुढे कंप्युटर आला तेव्हा यांनी शेजारी कागद ठेवून वडिलांच्या नक्षीतले पोपट चौकोन मोजत यात भरले, आणि वडील शेजारी बसून चुका काढत. वडील गेले. कागद वाळवीने खाल्ले. पोपट उरले ते एका फ्लॉपीत, आणि फ्लॉपी वाचणारं मशीन मुकं.

"तुमाला येतंय म्हणता न्हवं?" ते म्हणाले. "मंग वडलांचे पोपट काढून द्या आन् मशीन घेऊन जावा. दुसरं कायबी नको मला."

मी बाह्या सरसावल्या. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर, बायकोच्या केसातला आकडा, तिच्या पर्समधलं सॅनिटायझर आणि त्यांच्या घरातला कापूस एवढ्यावर काम सुरू झालं. पेटी उघडून फ्लॉपीचा भाग बाहेर काढला आणि हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. उलटा केला. तांदळाचे दाणे पडले. कुंकवाने लाल झालेले.

आकड्याने आणखी आत चाचपलं. फ्लॉपी जिथे वाचली जाते, नेमकं तिथे एक वाळलेलं पान चिकटून बसलं होतं. मधोमध दुमडलेलं. आपट्याचं.

दारातून मालकीणबाई बघत होत्या. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "दसऱ्याला म्या घातलं की. सगळ्या मागांना सोनं देतो, ह्यालाच न्हाय कसं द्यायचं? मागाला तोंड न्हाय, म्हणून वर ठिवायचं. ह्याला तोंड हाय, म्हणून तोंडात दिलं."

"आन् ह्या अक्षता?" मालकांनी विचारलं.

"त्या दरसाल. उपाशी कसं ठिवायचं?"

मालक तेलुगूत काहीतरी बोलले. थोडक्यातच, पण मला कळलं. त्यावर बाई बऱ्याच जास्त बोलल्या आणि तेही कळलं. पहिल्यांदा माझी बायको हसली. मग खडखडाटाच्या वरताण आम्ही चौघंही हसलो.

सगळं पुसून जोडलं. फ्लॉपी घालताना मात्र हसू पळालं. इतकी जुनी चीज एकदा ओरखडली की संपली, दुसरी संधी नाही. मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "घाला." लाल दिवा लागला. मशीन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं. मालकांनी टॉवेल घट्ट धरला होता. आणि मग पडद्यावर वरून खाली हिरवे पोपट उतरायला लागले.

मालक बोटाने मोजत होते. सात, आठ. नववा पोपट उलट्या तोंडाचा निघाला. मला वाटलं, बिघडलं.

"न्हाय न्हाय!" ते ओरडले. "त्योच! वडलांचा त्योच! म्हणायचे, समदेच म्होरं बघाय लागले तर मागनं कोण येतंय ते कुणी बघायचं?" आणि टॉवेलने डोळे पुसले. मी पडद्याकडे बघत राहिलो, कारण माझेही भरून आले होते.

मालकांचा मुलगा नव्या मशीनवर नक्षी उतरवील म्हणून बायकोने पडद्याचे भराभर फोटो काढले. ते झाल्यावर मालक स्वतः उठले आणि त्यांनी मशीनची वायर काढली. "शब्द म्हंजे शब्द. घेऊन जावा." बाई कुंकवाचं ताट घेऊन आल्या, पोरगी सासरी निघाल्यासारख्या. मालकांनी ती फ्लॉपी बिस्किटांच्या डब्यात परत ठेवली. डब्यात आणखी वीस-पंचवीस तरी होत्या, प्रत्येकीवर वडिलांच्या नक्षीचं नाव. त्यांनी झाकण लावलं आणि डबा पायाने बाकाखाली सरकवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला ते मशीन हवं होतं. फार हवं होतं, अजूनही हवं आहे. मी वायर पुन्हा जोडली.

"राहू दे इथंच," मी म्हणालो. "बाकीच्या कोण वाचणार?"

त्यांनी आग्रह केला नाही. लगेच बाकाखाली वाकून डबा ओढला आणि दुसरी फ्लॉपी घातली. बाईंनी अक्षता उचलल्या तसा मी धावत जाऊन फटीवर तळहात ठेवला. त्या खळखळून हसल्या आणि अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. मग स्क्रूंच्या वाटीत मी बाजूला ठेवलेलं ते पान उचलून माझ्या हातात दिलं. "सोनं घ्या."

चैत्र चालू होता, दसऱ्याला सहा महिने होते. मी ते घेतलं आणि दोघांच्या पाया पडलो.

साखरपुड्यात सगळे माझ्या केसांकडे बघत होते. एका मावशींनी विचारलं, अक्षता आत्ताच कशा? बायको म्हणाली, "यांचं जमता जमता राहिलं."

फळीवरच्या रिकाम्या जागेत आता ते पान आहे. पापडाचा डबा बायकोने परवा आपणहून स्वयंपाकघरात नेला.