पुढचं पान

"कापायचं नाही म्हणजे नाही!"

"बाबा, फक्त कडेचं कापड. वायरचं भोक त्याखाली गेलंय."

"चार्ज केलंस की ते सुरू होईल आणि हे पान जाईल."

"जाऊ दे! आत आईची टिपणं आहेत. बटणं दाबदाबून लिहिलेली."

बाइंडरने ती पाटी, बायकोचं वाचायचं यंत्र, छातीशी धरली. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवलेला माणूस. बायकोने हे यंत्र आणलं तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं. "ना शिवण, ना पुठ्ठा. याला पुस्तक म्हणायचं?"

"तुमच्या बांधणीने माझी मनगटं मोडतात हो," ती म्हणाली होती. "यात दोनशे पुस्तकं, वजन उशीच्या अभ्र्याएवढं. आणि अक्षर हवं तेवढं मोठं!"

खोडीही कमी नव्हत्या. पान उलटताना यंत्र क्षणभर काळंठिक्कर पडायचं. आतून उजेड नाही, म्हणून तिची खुर्ची खिडकीशी. मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानावर पुसट रेंगाळायची. "जीव अडकलाय गोष्टीतल्या बाईचा," ती हसायची.

ती गेली त्या दुपारी यंत्र तिच्या पोटावर उघडं होतं. पुढे बॅटरी संपली, पान मात्र तसंच राहिलं. विजेविना, पाच महिने. बाइंडरने त्याला निळ्या कापडाची बांधणी केली. चारी कडा सरसाने बंद. हाताची सवय, भोकाचं ध्यानातच आलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तो ते पान मोठ्याने वाची. शेवटची ओळ अर्धीच होती: 'तिने दार उघडलं, आणि'.

"काल कुणाशी बोलत होतात?" मुलीने हळूच विचारलं. "मी जिन्यात होते."

"तुझ्या आईशी."

"बाबा..."

"वेड नाही लागलेलं मला. ओळ संपली की खुर्ची करकरते. विचारते, पुढे काय झालं?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"मला कुठे ठाऊक आहे? परत पहिल्यापासून वाचतो."

मुलगी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "पाच महिने ती पुढचं मागतेय, आणि तुम्ही तिला तेच पान वाचून दाखवताय? उलटा ना ते! आता तरी जाऊ द्या तिला."

बाइंडरने पाटी मुलीपुढे टेबलावर ठेवली. चपला पायात सरकवल्या. तो जिना उतरू लागला तरी वरून ती विचारतच होती, "कापू का? बाबा, सांगा ना, कापू?"