सामान न दिलेला प्रवासी

माझ्या सासूबाई दर मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जायच्या. लिंबू कापून, रस पिळून, अर्धी साल उलटी करायची, तिच्यात तूपवात घालायची आणि राहुकाळात देवीपुढे तो दिवा लावायचा, हा त्यांचा नेम. बसवनगुडीच्या आमच्या घरात मंगळवारची दुपार त्यासाठी राखलेलीच असे. मी कधी त्यांच्याबरोबर गेले तर हात जोडायचे, पण मागायचे मात्र काही नाही. देव नाही, असं मी कधीच म्हटलं नाही. नीट तयारी करून जगणाऱ्या माणसावर देवाला हाक मारायची वेळ येत नाही, एवढीच माझी समजूत होती. ती समजूत कशी सुटली, ते आज लिहायला बसले आहे.

मी कॉफी चाखणारी. निपाणीहून लग्न होऊन बंगळूरला आले आणि कॉफी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत चव तपासायच्या कामाला लागले. नव्वदच्या पुढे निर्यात वाढली, तशी मला वर्षातून कितीतरी वेळा हॅम्बुर्गला, इटलीला, कधी जपानला जावं लागे. नमुन्यांच्या पुड्या कुरिअरने आधीच पोचलेल्या असत. माझ्याबरोबर फक्त माझी जीभ, नाक आणि एक बॅग. ही बॅग मी चिकपेटेतल्या एका कारागिराकडून मापं देऊन शिवून घेतली होती. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसेल एवढीच. तिच्याशिवाय दुसरं सामान मी आयुष्यात नेलं नाही आणि याचा मला अभिमान होता, तो आजही आहे.

ती बॅग भरणं म्हणजे माझा आवडता उद्योग. तीन जॉर्जेटच्या साड्या. धुऊन टांगल्या की सकाळी कोरड्या, इस्त्रीची भानगड नाही. तिन्ही अशा निवडलेल्या की एकाच काळ्या ब्लाउजवर आणि एकाच काळ्या परकरावर चालाव्यात. जाड टॉवेलऐवजी दोन सुती पंचे, कारण पंचा डोक्याला बांधता येतो, उशीवर घालता येतो, थंडीत गळ्याभोवती घेता येतो. परकराची एक जास्तीची नाडी, ती खोलीत कपडे वाळत घालायची दोरी. सेफ्टी पिना, सुईदोरा, तीन तऱ्हांच्या भोकांत बसणारा प्लग, कपात बुडवून पाणी उकळायचा छोटा कॉइल. माझा चाखायचा चमचा पंच्यात गुंडाळून मधोमध. साबण बिनवासाचा, तेल अजिबात नाही आणि खायला फक्त गूळपोळ्या. चटणी, मेतकूट, लोणचं यांना बंदी, कारण हिंगाचा वास बॅगेला लागला की तो माझ्या बोटांना लागणार आणि मग कॉफीत मला हिंगच सापडणार. सासूबाई यावरून हसायच्या. एवढ्या लांब जाणारी बाई आणि बाजारात निघाल्यासारखी पिशवी, असं शेजारच्या अक्कांना सांगायच्या. मोठ्या पेट्या ओढणाऱ्यांची मला मनापासून दया यायची.

त्या वर्षी डिसेंबरात मी हॅम्बुर्गला होते. सोमवारी संध्याकाळी काम आटोपून हॉटेलात आले तर धाकट्या दिरांचा फोन. ह्यांची स्कूटर घसरली होती, डोक्याला मार लागला होता. शुद्ध आहे, बोलतोय, पण मधूनच गुंगी येते. डॉक्टर चोवीस तास बघू म्हणतात, असं दीर सांगत होते. मग त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "तू ये."

बॅग भरायला मला वेळ लागला नाही. पहाटेची गाडी पकडून मी फ्रँकफर्टला पोचले आणि थेट विमानतळावर गेले. परतीचं माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. नाताळ तोंडावर आलेला, मुंबईचं विमान गच्च भरलेलं. काउंटरवरच्या मुलीने माझं ऐकून घेतलं, नाव प्रतीक्षेत लिहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की आशा ठेवू नका, उद्याचंही भरलेलं आहे, परवाचंही.

मी काउंटरशेजारी उभी राहिले. रांग पुढे सरकत होती. माणसं पट्ट्यावर पेट्या ठेवत होती, पेट्या आत जात होत्या आणि प्रत्येक पेटीबरोबर एक जागा माझ्या हातून जात होती. माझ्याजवळ सगळं होतं. दोरी होती, पंचा होता, सुई होती. यातलं काहीही मला मुंबईपर्यंत नेणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला करण्यासारखं काही उरलं नाही. मग मी डोळे मिटले. कुठलं स्तोत्र आठवेना. "अम्मा, आता माझ्याच्यानं होत नाही, तू बघ," एवढंच मनात म्हटलं. आमच्या भागात देवीला अम्मा म्हणतात.

खांद्यावर हात पडला. एक वयस्क बाई होत्या, केरळच्या. जन्मभर जर्मनीत नर्स म्हणून काम करून आता कायमच्या गावी निघाल्या होत्या. त्यांनी काउंटरवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. मोडक्या हिंदीत त्यांनी मला मार कुठे लागला, उलटी झाली का, बोलणं अडखळतं का, असं सगळं विचारलं. उत्तरं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्या तशाच काउंटरवर गेल्या आणि माझी जागा हिला द्या म्हणाल्या. मुलगी हळहळली. तुमचं सामान विमानात चढलंय, ते उतरवल्याशिवाय तुम्हाला मागे राहता येत नाही आणि शोधून उतरवायला आता वेळ नाही, असं तिने समजावलं. मग रांगेकडे आणि बाकांवर बसलेल्यांकडे वळून, वॉर्डात बोलावं तशा खणखणीत आवाजात त्यांनी आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत विचारलं, "ज्यांनी सामान आत दिलेलं नाही, असं कोणी आहे का?"

बऱ्याच माणसांनी मान खाली घातली. त्यांना मी दोष देत नाही. पलीकडच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. साठीच्या पुढचे, अंगात साधा राखी स्वेटर, खांद्याला एक कापडी पिशवी. ते जवळ आले, माझ्या कपाळावरची टिकली आणि हातातलं बंगळूरपर्यंतचं तिकीट बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, बंगळूरच्या का? मी हो म्हटलं आणि काय झालंय ते त्यांच्याच भाषेत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"सरी," ते म्हणाले. "नीवु होगि, अक्का." ठीक आहे, तुम्ही जा.

मी त्यांना विचारलं की तुमचं काय, तुम्ही कसे जाल. त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं, आपलं बोर्डिंग कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मुलीला सांगितलं की माझ्याजवळ ही पिशवी सोडून काही नाही. माझ्याजवळही ही बॅग सोडून काही नव्हतं. म्हणूनच, विमानाचं दार बंद व्हायच्या बेतात असतानाही, एक माणूस कमी करून दुसरं चढवणं जमलं. मी धावत सुटले. वळून बघितलं तेव्हा ते पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसत होते. नाव विचारायचं राहून गेलं.

विमानात त्या नर्सबाईंनी शेजारच्या माणसाला विनंती करून मला आपल्याजवळ बसवून घेतलं. ढगांच्या वर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांनी तुला सांगितलं का?" मी नाही म्हटलं. मग त्यांच्याकडून कळलं. रांगेत उभं असताना ते गृहस्थ त्यांच्याशी बोलले होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला खूप वर्षांनी बाळ झालं होतं आणि गुरुवारी म्हैसूरला बाळाचं नामकरण होतं. त्यासाठीच ते निघाले होते. हे विमान सोडलं म्हणजे नामकरण चुकणार, हे त्यांना उठताना पक्कं माहीत होतं. ऐकून मी रडले. बाईंनी मला थांबवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आपली जपमाळ काढून ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिल्या.

मुंबईत मला पट्ट्याजवळ थांबायचं नव्हतं. बाई त्यांच्या पेट्यांची वाट बघत राहिल्या आणि मी बाहेर पडले. बुधवारी सकाळच्या पहिल्या विमानाने बंगळूर गाठलं आणि तिथून सरळ हॉस्पिटल. गुंगी वाढली होती. डॉक्टर सांगत होते की आत रक्त साकळलंय, कवटी उघडून काढावं लागेल, धोका आहे. दीर आणि सासूबाई दोघांनाही हो म्हणवत नव्हतं. मी डॉक्टरांचं सगळं ऐकलं, विचारायचं ते विचारलं आणि हो म्हटलं. माझा आवाज स्थिर होता, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

आत नेण्यापूर्वी ह्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. "तू कशी काय आलीस?" असं अडखळत विचारलं.

"कुणीतरी जागा दिली," मी म्हटलं.

"मग बरं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

ऑपरेशन चांगलं झालं. संकट टळल्यावर डॉक्टर म्हणाले की आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. संक्रांतीला हे घरी आले, उन्हाळ्यात पुन्हा कामावर जाऊ लागले. स्कूटर मात्र मी विकायला लावली.

सासूबाईंनी एकदा सहज सांगितलं की त्या मंगळवारी हॉस्पिटलातून थोड्या वेळासाठी त्या बनशंकरीला जाऊन आल्या होत्या. मुलाला वाचव असं त्यांच्या तोंडून निघालंच नाही; माझी सून आण, एवढंच निघालं. त्यांनी दिवा लावला ती वेळ आणि मी काउंटरशी उभी होते ती वेळ, दोन्ही घड्याळं जुळवून बघायचा मला मोह झाला होता. मी बघितली नाहीत. जे मिळालं ते मोजून घ्यावंसं वाटेना.

त्या गृहस्थांना शोधायचा मात्र मी पुष्कळ प्रयत्न केला. म्हैसूरला ओळखीपाळखीत विचारलं, त्या विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. कोणी सांगू शकलं नाही. मी फार बेचैन असायचे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "त्यांना परत काय देणार आहेस तू? हात जोडून त्यांच्यासाठी माग. बाकीचं तिच्यावर सोड."

तेव्हापासून मी मागायला शिकले. अजूनही पुष्कळ फिरते, तयारीही पहिल्यासारखीच चोख करते. तयारी माझी आणि पुढचं तिचं, ही वाटणी मला मान्य झाली आहे, आणि त्यात मला फार मोकळं वाटतं. देवळात गेले की स्वतःसाठी काही आठवत नाही. एक बाळ आठवतं, ज्याचं नाव ठेवताना त्याचे आजोबा तिथे नव्हते. त्याला सुखी ठेव, म्हणते. ते मुलगा की मुलगी, हेही मला माहीत नाही. कानात काय नाव सांगितलं, तेही नाही. अम्माला ठाऊक आहे.