साडूभाऊंचा नांगर

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या नजरेत पसंत केली नाही. अपवाद फक्त माझ्या मेव्हणीचा, आणि तो निर्णय त्यांच्या आईने घेतला होता. चाकणला मोटारींचे सुटे भाग घडवणारा एक कारखाना आहे. त्याच्या तपासणी खात्यात साडूंनी तीस वर्षं काढली. माल नापास करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की घरी आल्यावरही हात थांबेना. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्निअर कॅलिपर असायचा. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, भाकरीची जाडी त्यांनी एकदा तीन ठिकाणी मोजून "मध्ये पाव मिलिमीटर जास्त आहे, पण चालेल," असा शेरा दिला. त्या आठवड्यात घरात पुन्हा भाकरी झाली नाही. मंडईत ते फ्लॉवरचा गड्डा उलटा धरून देठाकडे असे पाहायचे की भाजीवाली न सांगता दुसरा काढून द्यायची. माझ्या मुलीच्या लग्नात चौरंग डुगडुगतो असं त्यांच्या ध्यानात आलं आणि मुहूर्ताला चार मिनिटं असताना ते त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत बसले. भटजी म्हणाले, "अहो, वेळ टळेल!" साडू मान वर न करता म्हणाले, "वेळ टळली तर दुसरी काढता येते. कलश कलंडला तर काय कराल?"

असा माणूस निवृत्त झाल्यावर मोटरबोट घेईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. साडू मूळचे बीड जिल्ह्यातले. लहानपणी त्यांनी पाणी पाहिलं ते टँकरच्या नळीतून. तरुणपणी चाकणला आले, आणि कारखान्यातल्या घणांनी त्यांचा डावा कान अधू केला. ताईंना त्यांनी शब्द दिला होता: "रिटायर झालो की तुला धरणाच्या मधोमध नेतो, मशीन बंद करतो आणि नुसतं बसून राहू. कसलाही आवाज नको." त्यासाठी बंद पडलेल्या एका रिसॉर्टची सोळा फुटी फायबरची बोट त्यांनी आणली आणि चिंचवडच्या आपल्या सोसायटीत, स्वतःच्या पार्किंगच्या जागेत, ट्रेलरवर उभी केली. बोट हे वाहन आहे की फर्निचर, यावर सोसायटीच्या दोन सभा झाल्या. तोवर बायकांनी तिच्या ताडपत्रीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि प्रश्न आपोआप मिटला.

बोट तयार होती. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन साडूंनी स्वतः उघडून परत जोडलं होतं. धरणावर बोट चालवण्याची परवानगी ते दरवर्षी नव्याने काढत. राहिला होता फक्त नांगर. मधोमध थांबायचं तर बोट वाऱ्याने वाहून जाता कामा नये, आणि तिला जागेवर धरून ठेवणारा नांगर भरवशाचा हवा. "मास्तर," ते मला म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर माणूस वल्ही मारतो. नांगर सुटला तर काय मारणार?" मी मास्तर नव्हे, कॉलेजातला ग्रंथपाल. पण पुस्तकांजवळ बसणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी मास्तरच होता.

नांगराच्या शोधात ते पहिल्यांदा गेले ते राजगुरुनगरच्या रस्त्यावरच्या एका दुकानात, कारण पाटीवर लिहिलं होतं, "सर्व प्रकारचे नांगर मिळतील." मी सोबत होतो. दुकानदाराने विचारलं, "किती एचपी?"

"चाळीस," साडू म्हणाले.

"मग दोन फाळी बास व्हईल. रान कसलं हाय? काळं का मुरमाड?"

साडूंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. इतका नेमका प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "तेच तर कळत नाही," ते म्हणाले. "सगळं पाण्याखाली आहे."

"आँ? मंग पाणी वसरू द्या की राव! एवढी काय घाई हाय?"

शेताचा नांगर आणि होडीचा नांगर यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, त्याचा हा प्रताप. गाडीत बसल्यावर मी हसत होतो. साडू गंभीर होते. "माणूस चुकला नाही," ते म्हणाले. "जमीन कसली, हे आधी विचारायलाच पाहिजे."

पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या गॅलरीत तीन नांगर जमले. पहिला चपट्या पात्यांचा, मुंबईहून मागवलेला. दुसरा चार नखांचा. तिसरा तर खरोखरच फाळासारखा, भोसरीतल्या एका कारागिराकडून घडवून घेतलेला. त्यांची चाचणी सोसायटीच्या बागेत झाली. नांगर मातीत रोवायचा, दोर स्कूटरला बांधायचा आणि स्कूटर पळवायची. फाळाने हिरवळीत पंधरा फुटांची सरळ चरी काढली. चपट्याने जागा सोडली नाही. स्कूटरचं कॅरिअर मात्र निघून आलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सेक्रेटरींची सूचना होती: "सोसायटीच्या आवारात कुणीही नांगरणी करू नये."

चाचणीनंतर साडू रविवारी सकाळी एक फाइल घेऊन माझ्याकडे आले. कारखान्यात त्यांच्या खात्याचा एक नियम होता. माल बाहेर जायचा तर कागदावर दोन सह्या लागत, एक "तपासले"खाली आणि एक "मान्य"खाली, आणि एकाच माणसाने दोन्ही करायच्या नाहीत. साडूंनी तीस वर्षं फक्त पहिली सही केली होती. चपट्या नांगराच्या कागदावर "तपासले"खाली त्यांची सही होती. "मान्य"ची जागा त्यांनी माझ्यासाठी कोरी ठेवली होती.

"करा सही, मास्तर. पुढच्या रविवारी पाण्यात."

मी म्हणालो, "जरा वाचून पाहतो."

मी वाचलं. ग्रंथपालाला वाचायला कमी पडत नाही. पुढच्या रविवारी मी त्यांना सांगितलं की वाऱ्याची दिशा फिरली की चपटा नांगर उपटून निघू शकतो. ते कागद घेऊन गेले. मग चार नखांचा आला. मी सांगितलं, तो खडकात धरतो, चिखलात घसरतो. मग फाळ आला. मी म्हणालो, साखळी आखूड आहे. साखळी लांब झाली, तेव्हा मी कडीबद्दल शंका काढली. प्रत्येक शंका खरी होती, पुस्तकात छापलेली होती. दर वेळी साडू मान डोलवत, "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणत आणि उतरलेल्या चेहऱ्याने जिना उतरत. ताईंनी एकदा मला फोनवर विचारलं, "भाऊजी, यंदा तरी होईल का हो?" मी म्हणालो, "घाईचं काम नाही, ताई."

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. बोटीत तिसरा मी असणार होतो आणि मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, हे एवढं वाक्य मला बोलता आलं नाही, म्हणून मी पाच वर्षं लोखंडाला नावं ठेवली.

गेल्या मार्गशीर्षात साडू गेले. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि तो खाली ठेवायचं राहून गेलं. दिवस झाल्यावर ताईंनी ती फाइल माझ्यापुढे ठेवली. तिच्यात अकरा कागद होते. एका बाजूला अकरा सह्या आणि दुसरी बाजू कोरी. ताई म्हणाल्या, "बोट विकायचीय. पण त्याआधी मला एकदा बसायचंय."

धरणाकाठच्या गावातल्या एका मासेमाराला बोट चालवायला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मधोमध गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि पायाशी ठेवलेल्या तीन नांगरांकडे पाहिलं. "कंचा टाकू?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात बोटीचा काठ घट्ट धरून होते. एक हात मी कसाबसा सोडवला आणि चपट्याकडे बोट केलं.

"हा."

त्याने तो पाण्यात सोडला. दोर सरसरत गेला, सैल पडला. बोट थोडी मागे वाहिली, मग दोर ताणला गेला आणि तिने हळूच वाऱ्याकडे तोंड केलं. ती थांबली.

"धरला," मासेमार म्हणाला. "धरणारच. खाली आमचंच वावर व्हतं, धरणात गेलं. काळं रान हाय, वर गाळ. कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

खूप शांत होतं. ताईंनी वाकून पाण्याला हात लावला. "एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. "ताई, मला पोहता येत नाही. मी घाबरत होतो. म्हणून सही केली नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "त्यांना तरी कुठं येत होतं, भाऊजी? तुम्ही हो म्हणालात तर धीर येईल, म्हणायचे."

मासेमाराने दोराला हात घातला. "काढू का वर?"

"नको," ताई म्हणाल्या. "राहू द्या जरा."