अडीच तासांवरची लेक

आमच्या शेजारच्या केळीवाल्या काकांइतका विमानाचा जाणकार अख्ख्या बऱ्हाणपुरात दुसरा नव्हता, आणि जमिनीवर टेकलेलं विमान त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळापासून हैदराबादच्या विमानतळापर्यंत अडीच तास, हे ते जपासारखं म्हणत. मुंबईचा कुणी व्यापारी आला की त्याला चहा पाजून आधी हे अंतर पक्कं करून घेत, मग केळीच्या भावाचं बोलत. मी तेव्हा शाळेत मास्तर. तापीपलीकडचं जैनाबाद किती दूर, असं एकदा चेष्टेनं विचारलं, तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, तिथं हवाई जहाज उतरायला जागाच नाही, तर मोजायचं कशाला?" बऱ्हाणपूर ते मुंबई ही रात्रभराची रेल्वे त्यांच्या हिशेबातच नसे. काकू म्हणत, "यांचं घर विमानतळावरच आहे ना!"

या वेडाचं मूळ हैदराबादेत होतं. एकुलती लेक तिथं दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत काका कडक पाळत. आगगाडीनं मनमाडमार्गे जायचं म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम आला की जेवण आलं. मुंबई गाठून विमान धरलं तर मात्र सकाळी जाऊन, पोरीला डोळाभर पाहून, संध्याकाळी उपाशीपोटी परतता येणार होतं. "बस, यंदाची केळी चांगली जाऊ दे," म्हणता म्हणता वर्षं गेली. मग निजामाच्या हद्दीत गडबड सुरू झाली आणि तिची पत्रंही थांबली.

संस्थान विलीन झालं, वाटा खुल्या झाल्या आणि पाठोपाठ तार आली. लेक विषमज्वरानं अत्यवस्थ होती. काकू रडत म्हणाल्या, "अहो, मनमाडवरनं निघा, आजच गाडी आहे." काका ऐकतात कसले! "तू घाबरू नको. हवाई जहाज अडीच तासांत पोचवतं, मी सांगतो ना." मुंबईत त्यांना विमानात जागाच मिळेना. दोन दिवस ते विमानतळाच्या दारात बसून राहिले. तेवढ्यात मनमाडवरून ते केव्हाच पोचले असते. पुढे विमानानं मात्र बरोबर अडीच तासच घेतले.

लेक जिवंत होती, आवाज पार खोल गेलेला. बापाला पाहून तिनं पहिलं विचारलं, "बाबा, जेवलात का?" काका तिच्या उशाशी बसले आणि तिच्याच वाटीत उरलेली पेज त्यांनी पिऊन टाकली. ती हसली म्हणे. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"मास्तर, पोरीच्या घरी मी एकदाच जेवलो," परत आल्यावर ते मला म्हणाले.

त्यानंतर काकांनी विमानाचं नाव काढलं नाही. गावात कुणाची लेक परगावी दिली असं कळलं की त्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसत. कोणती गाडी, कधी निघणार, असं विचारून भंडावून सोडत. लोक त्यांना चुकवू लागले. पण काका चिकाटीचे. उठताना त्या बापाचा हात धरून म्हणत, "जाऊन ये ना भाऊ. अन् ती जे वाढेल ते पोटभर जेव."