लाल धाग्याच्या वर एक वीत

आमच्या दलदलीत जिवंत माणसाचं अंग एकदाच मापावं, असं मानतात. दुसरं माप कफनाचं. माणूस गेला की खजुरीच्या झावळीची पात डोक्यापासून टाचेपर्यंत धरतात, तेवढी तोडतात आणि ती पातही त्याच्याबरोबर मातीत ठेवतात. माझी वहिनी, उम्म चासिब, म्हणजे चासिबची आई, हिनं तशी पात आपल्या थोरल्याच्या अंगावर धरलेली पाहिली होती. तापानं गेला चासिब. त्याच्या थोडंच आधी शहरातल्या शिंप्यानं ईदच्या सदऱ्यासाठी त्याचं माप घेतलं होतं, आणि ते दुसरं होतं. तेव्हापासून वहिनीच्या घरात कपडे अंदाजानं शिवतात. बाह्या लांब झाल्या तर दुमडतात.

रस्मियाबाई आमच्याच गावच्या, म्हणून त्यांना हे सगळं माहीत होतं. बोरूच्या झोपडीतल्या शाळेत त्या लहान मुलांना शिकवायच्या. बाई इतक्या ठेंगण्या, की फळ्याच्या वरच्या ओळीसाठी उलट्या बादलीवर चढून उभ्या राहायच्या.

मध्ये दलदल आटली तेव्हा आम्हाला गाव सोडावं लागलं होतं. पाणी परत आलं आणि आम्ही सगळे आपापल्या जागी परतलो. पण त्या कोरड्या वर्षांत जन्मलेली आमची पोरं शहराच्या कडेला धुळीत वाढली होती. म्हैस पोहते याचंच त्यांना नवल वाटायचं. पोरं पाण्याला भीत नव्हती, आणि बाईंना त्याचीच भीती होती. म्हणून त्यांनी मुलांना मापायला शिकवलं. आधी बोटं, मग वीत, मग कोपरापासूनचा हात. बोरू किती हात, दार किती विती, म्हशीचं शिंग किती बोटं.

"बाई, माझी वीत मोठी की तुमची?" मतशर नावाचं एक चिमुरडं रोज विचारायचं.

"तुझी जीभ सगळ्यांत मोठी," बाई म्हणायच्या.

मग त्यांनी होडी ढकलायची एक लांब काठी आणली. एकेका मुलाला तिच्याशेजारी उभं केलं आणि खांद्याच्या उंचीवर लोकरीचा धागा बांधला, प्रत्येकाचा रंग वेगळा. नियम एकच. पाण्यात काठी उभी धरायची, गाळात दाबायची नाही, आपला धागा बुडला तर पुढे पाय टाकायचा नाही.

आपल्या फिद्दासाठी वहिनी कितीतरी दिवस तयार नव्हती. शेवटी म्हणाली, "एकदाच बांध, रस्मिया. पुन्हा माझ्या पोरीला काठीजवळ उभी केलीस तर तुझी बादली मी पाण्यात बुडवीन." फिद्दाचा धागा लाल होता.

दोन वसंत गेले. डोंगरातलं बर्फ वितळायला लागलं होतं. त्या दिवशी आम्ही पुरुष मासळी घेऊन बाजाराला गेलो होतो, गावातल्या होड्या आमच्याबरोबर. पुढचं मी ऐकलेलं सांगतो. वहिनी एक सांगते आणि बाई एक, पण पाण्याबद्दल दोघींचं एकमत आहे.

बाईंनी फिद्दाला आणि दोन लहानग्यांना, मतशर आणि हिलवाला, शाळेच्या होडीतून आमच्या घरासमोरच्या बेटावर नेलं होतं, हातभर बोरू कापायला. कापून वळतात तो होडी नाही. चढत्या पाण्यानं गाठ सोडवली होती. होडी दूर बोरूत शिरताना दिसली, पाठमोऱ्या म्हशीसारखी.

बेटाची कड वितळत होती. घर समोरच, पण मधला ओढा घोड्यासारखा फुगलेला. अंगणात वहिनी एकटी, दिवस भरत आलेली.

बाईंनी ओढ्यात काठी धरली. पाणी त्यांच्या काखेपर्यंत येत होतं. एक पोर मानेवर, एक कडेवर, एवढं जमलं असतं. पण परत येऊन तिसरीला नेण्याइतका वेळ पाणी देणार नव्हतं. फिद्दाला चालतच यावं लागणार होतं.

"माझा पदर धर आणि चल," बाई म्हणाल्या.

फिद्दा काठीकडे बघत राहिली. लाल धागा चार बोटं पाण्याखाली होता.

"धागा बुडलाय, बाई."

"तो जुना आहे गं. तू वाढलीस."

"तुम्हीच सांगितलंत, धागा बुडला तर पाय टाकायचा नाही."

बाईंना आपल्याच शिकवणीनं बांधून टाकलं. त्यांनी काठी वर काढली, कोरड्या जागी रोवली. "ये, उभी राहा इथं. पुन्हा मापू."

पलीकडून किंकाळी आली. "रस्मिया! मापू नकोस! दुसरं माप घेऊ नकोस तिचं!"

"उम्म चासिब, मापल्याशिवाय ही यायची नाही!"

"ओढून आण! मार दोन, पण मापू नकोस!"

"हात कुठाय मला ओढायला? दोन पोरं घेऊ की हिला ओढू?"

फिद्दा जागची हलेना. "यम्मा, मी मरेन का?" तिनं ओरडून आईला विचारलं.

पाणी वहिनीच्याही अंगणात शिरलं होतं, चुलीची राख वाहून चालली होती. मतशर पहिल्यांदाच गप्प होता. बाईंच्या टाचा ओल्या झाल्या.

मग वहिनी पोट सावरत पाण्यात उतरली. कंबरेपर्यंत आली, डोक्याचं फडकं सोडलं, त्याचं एक टोक मुठीला गुंडाळलं.

"माप," ती म्हणाली. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. "माप गं तिला, लवकर!"

फिद्दा काठीला पाठ लावून उभी राहिली. बाईंनी तिच्याच वेणीचा गोंडा सोडून तिच्या खांद्याच्या उंचीवर काठीला बांधला. लाल धाग्याच्या वर एक वीत भरली.

पाण्यात काठी पुन्हा उभी राहिली. गोंडा कोरडा होता.

दोन लहानग्यांना घेऊन बाई पुढे निघाल्या, मागे त्यांचा पदर दातांत धरून फिद्दा, हातात काठी. प्रत्येक पावलाआधी ती काठी ठेवायची, गोंडा बघायची, मग पाय. मधोमध गोंड्याची टोकं भिजली. फिद्दा थांबली. बाईंच्या खांद्यांना पाणी लागत होतं, हिलवा त्यांचे केस उपटत होती.

"गाठ दिसतेय का, गोंड्याची गाठ?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

फिद्दाच्या दातांतून एक हुंकार आला.

"मग चल."

वहिनीनं फडकं फेकलं, ते फिद्दाच्या काठीला अडकलं, आणि वहिनीनं तिला ओढून घेतलं. बाईही दोन्ही पोरांसकट काठाला लागल्या.

त्या संध्याकाळी वहिनीनं नजर उतरवायला हर्मलच्या बियांचा धूर घरभर केला, पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि तिचा श्वास ऐकत राहिली. सकाळी फिद्दानं भाकरी मागितली. तरी वहिनी बाईंशी उन्हाळाभर बोलली नाही.

ती काठी आता शाळेच्या दाराशी असते. दर वसंतात, पाणी चढायच्या आधी, सगळ्या पोरांना नवे धागे बांधतात. वहिनी फिद्दाला आणि त्या वर्षी जन्मलेल्या धाकटीला स्वतः हाताला धरून घेऊन येते. काठी अंगाला लागली की पाठ फिरवून उभी राहते, ओढ्याकडे तोंड करून, आणि विचारते, "किती वाढली?"