काचेवरचा ओला ठसा

पान उलटायला नेहमीसारखं बोट जिभेला लावलं आणि टॅबच्या काचेवर ओला ठसा उमटला. वाचनालयातली माझी जुनी मैत्रीण कुसुम शेजारीच बसली होती. ती हसली. "शेवटी तूही बाटलीस ना!"

"हो, बाटले," मी म्हटलं. बारीक अक्षर दिसेना, जाड कादंबरी दुखऱ्या मनगटाला पेलेना, म्हणून दोन वर्षं माझं वाचन बंद होतं. तेव्हा कुणी चौकशीही केली नाही. इथे अक्षर मला हवं तेवढं मोठं होतं. "कागदाचा वास मलाही आवडतो गं, पण नुसत्या वासावर किती दिवस काढायचे?"

मी पदराने काच पुसली, तिच्यादेखत पुन्हा बोट जिभेला लावलं आणि पुढचं पान उलटलं.