टोपलीघराचा मास्तर

वस्तू कुठलीही असो, मास्तर ती आधी हात लांब करून धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "छान आहे. पण जरा सरळ हवं होतं." टोपली असो, सूप असो, बोहाड्याच्या जत्रेत सोंगं नाचवताना घालायचा मुखवटा असो. एकदा सूप घेऊन आलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघूनही तेच म्हणाला. म्हातारा हसला नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शहरातून येतात, आपल्या घरातलं सूप बघून डोळ्यांत पाणी आणतात, आणि त्यात तांदूळ पाखडायला दिले तर अंगणभर करतात. हा ठाण्याच्या कुठल्याशा शाळेत चित्रं शिकवायचा. बायको नाही, मूल नाही. नोकरी सोडून संस्थानात आला, जव्हारच्या बाजारात एक लांबट खोली भाड्यानं घेतली आणि वर पाटी लावली, 'कलागृह'. आम्ही टोपलीघर म्हणायचो. मी तिथं झाडलोट करायचो, सामान मांडायला बांबूच्या मांडण्या बांधायचो. मला अक्षरं आली तीही तिथंच, कारण वस्तूंना चिठ्ठ्या लावायला त्याला कुणीतरी हवा होता. माझं अक्षर बघूनही तो तेच म्हणायचा.

आत काय, तर दाणा न पाहिलेल्या टोपल्या आणि ओढा न पाहिलेला माशांचा सापळा. तारपा होता, पण तो फुंकायचा नाही.

"मग त्याचं करायचं काय?" मी विचारलं.

"बघायचं."

"बघून झाल्यावर?"

"पुन्हा बघायचं."

आमचे लोकही साधे नव्हते. आणलेली वस्तू मास्तर परत पाठवत नाही हे कळल्यावर मोखाड्या-खोडाळ्याकडच्या पाड्यांवरूनही माल यायला लागला. जी टोपली चुलीत घालायची ती त्याच्याकडे. तो प्रत्येकाला बसवायचा, गूळ-पाणी द्यायचा, बांबू कुठल्या रानातला ते विचारायचा. मी मागून म्हणायचो, "मास्तर, हा लुबाडतोय तुम्हाला."

"लुबाडू दे रे. पुढची नीट विणेल."

पुढची त्याहून वाईट यायची. तीही मांडणीवर जायची. गिऱ्हाईक म्हणाल, तर दरबाराचे पाहुणे फिरत फिरत यायचे, नाकाला रुमाल लावून बघायचे आणि प्यायला पाणी मागायचे.

मग त्याला चौकाचं वेड लागलं. आमच्यात लग्नघरी सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, मधे पालघट देवी बसते. एका पाड्यावर त्यानं तो बघितला आणि आल्या आल्या म्हणाला, "असा आपल्या भिंतीवर हवा." मी धवलेरीला घेऊन आलो. आमच्यात लग्न लावते ती बाई म्हणजे धवलेरी. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही. नुसता चौक लिहायचा."

"नवरी नाय तर देवी येऊन करील काय? तुझ्या टोपल्या राखील?"

मास्तरनं कोऱ्या भिंतीकडे बघितलं. पण माझ्या घरी वेगळंच अडलं होतं, ते धवलेरीला ठाऊक होतं. मी आणि माझी बायको कितीतरी पावसाळे एकत्र राहिलो, मुलगी लग्नाला आली, तरी आमचं स्वतःचं लग्न लागलेलं नव्हतं. आमच्यात त्याची लाज नाही, जमेल तेव्हा लावतात. पण आईबापाचं लागल्याशिवाय लेकीचं लागत नाही. आणि बायकोला माहेर नव्हतं. तापाच्या साथीत तिचं सगळं घर गेलं, झोपडीही पडली. नवरीचा चौक नवरीच्या घरी लिहितात, तो कुठं लिहायचा? मुलीला बघून गेलेली माणसं म्हणाली होती, होळीपर्यंत थांबतो, मग दुसरीकडं बघतो. बायको तेव्हापासून धड जेवत नव्हती.

धवलेरीनं माझ्याकडे बोट केलं. "याच्या बाईला भिंत नाय. तुझी भिंत दे तिला."

मास्तरला एवढंच कळलं, की चौक मिळणार. "देतो की. जेवणही मीच घालतो."

चुन्याची भिंत शेणागेरूनं सारवली. सवाष्णी लिहायला लागल्या, हा मागे उभा. "ती रेघ जरा सरळ..." एवढं बोलला आणि सवाष्णींनी त्याला बाहेर काढला. मांडण्यांवरच्या टोपल्या खाली आल्या, त्यांतून भात वाढला. कलागृहातली वस्तू उपयोगाला आली ती तेव्हाच. धवलेरीनं नवरीच्या बापाच्या जागी मास्तरला बसवला. त्याला वाटलं, मान देतायत.

आमचं लागलं, होळीच्या आधी मुलीचंही लागलं. मग बायको गाठोडं घेऊन टोपलीघरात आली आणि चौकाखाली बसली.

"काय हवंय बाई?"

"काय नाय. माहेरी आलेय, बा."

"अहो बाई, मी तुमचा बा कसा?"

"मग चौक कुणाच्या भिंतीवर हाय?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागला. मी खाली मान घालून केर काढत राहिलो. शहाण्याला चित्र हवं होतं, गळ्यात लेक पडली.

तिनं मागच्या दारी चूल मांडली आणि सुकट भाजायला घेतली. बाजारभर वास. नेमका तेव्हाच टोपीवाला पाहुणा आला. टोपलीघरातला माल मुंबईच्या प्रदर्शनात न्यायचं त्याच्या हातात होतं, मास्तर त्याची कधीपासून वाट बघत होता. पाहुण्यानं नाक मुरडलं. "ही बाई कोण?"

तिला बाहेर न्यायला मी तिचं गाठोडं उचललंसुद्धा होतं.

"माझी लेक," मास्तर म्हणाला. "सासरहून आलीय."

पाहुणा हसला आणि गेला. पुन्हा आला नाही.

"मोलकरीण आहे म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"आणि तिनं ऐकलं असतं तर?"

असा माणूस दुकान काय चालवणार? त्या दिवशी त्यानं सुकट खाल्ली. डोकी काढून ठेवत होता, ती बायकोनं उचलून परत त्याच्या पानात टाकली.

मग दर वर्षी नवा तांदूळ निघाला की ती जायची, हा तिला बांगड्या भरायचा. लेक म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. ती चिडायची. "बा, लेकीला अहो म्हणतात काय?" "नाही म्हणत, बाई," म्हणायचा.

एका पावसाळ्यात तापानं गेला. ठाण्याहून पुतणे आले, त्याची पेटी घेऊन गेले, टोपल्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. घरमालकानं खोली मिठाच्या व्यापाऱ्याला दिली, भिंतीला चुना फासला. बायको दारात बसून रडली. मी तिला म्हणालो, ऊठ, दोन लग्नं लागली, काम झालं भिंतीचं. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

या माघात तीही गेली.

सवाष्ण गेली तर माहेरचं लुगडं नेसवून न्यायची असते. बायकांनी मला विचारलं, हिच्या माहेरचं कोण येणार? मी काठी घेतली आणि जव्हारला गेलो. बाजारात लुगडं घेतलं आणि त्या खोलीत शिरलो.

"मीठ हवंय का?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"नाय. जरा सरक."

गोण्यांच्या मागं हात घालून चौकाच्या जागी लुगडं भिंतीला टेकवलं, तसंच धरून उभा राहिलो.

पाड्यावर आलो तेव्हा बायका लुगड्याला लागलेला चुना झटकायला लागल्या. मी झटकू दिला नाही.